हृदयाचा सीटी स्कॅन: प्रतिमा किती स्वच्छ हवी आणि त्यासाठी डोस किती द्यावा?

गॅन्ट्रीमागचा | सोमवार, रात्री ९:४०

मी गेली चौदा वर्षे सीटी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो आहे. गेल्या आठवड्यात ओळखीचे एक निवृत्त जोडपे दोन पाकिटे घेऊन घरी आले. दोघांचीही सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांचा सीटी स्कॅन, एकाच महिन्यात, पण दोन वेगवेगळ्या केंद्रांत झाली होती. दोघांचे रिपोर्ट समाधानकारक होते, मोठा ब्लॉकेज कोणालाच नव्हता, आणि खरे तर प्रश्न तेथेच संपायला हवा होता. परंतु त्यांच्या अभियंता मुलाने सीडीमधील शेवटचे पान उघडून पाहिले होते. त्या पानावर डीएलपी नावाचा आकडा असतो. वडिलांचा आकडा १८६ होता आणि आईचा १,०४२. "आईला साडेपाच पट रेडिएशन का दिले?" हा त्याचा प्रश्न मला योग्य वाटला, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हा धागा काढत आहे.

आधी त्या पानाविषयी थोडेसे. स्कॅन संपल्यावर यंत्र स्वतःच डोसचा तपशील नोंदवते. त्यात शरीराच्या प्रत्येक कापाला सरासरी किती मात्रा मिळाली हा एक आकडा असतो, आणि त्याला स्कॅनच्या लांबीने गुणले की डीएलपी मिळतो, जो मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये मोजतात. म्हणजे डीएलपी दोन कारणांनी वाढू शकतो: मात्रा जास्त दिली म्हणून, किंवा जरुरीपेक्षा लांब भाग स्कॅन केला म्हणून. हृदयासाठी साधारणतः श्वासनलिका दुभंगते तेथून हृदयाच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे १२ ते १४ सेंटिमीटर पुरतात. "थोडे वर, थोडे खाली घेऊन ठेवू" असे म्हणत १४ ऐवजी १७ सेंटिमीटर घेतले, तर बाकी काहीही न बदलता डोस २१ टक्क्यांनी वाढतो.

मात्र १८६ आणि १,०४२ यांमधील दरी लांबीने भरून निघत नाही. हृदय हा अवयव स्थिर बसत नाही, ही त्याची मूळ अडचण आहे. यकृताचा किंवा मेंदूचा स्कॅन करताना रुग्णाने श्वास रोखला किंवा डोके हलवले नाही की काम झाले. हृदयाला मात्र थांब म्हणून सांगता येत नाही. ज्या रक्तवाहिन्या पाहायच्या त्या दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या, त्या हृदयाच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्या खेचल्या जातात. उजवी कोरोनरी, विशेषतः तिचा मधला भाग, सर्वांत वेगाने हलतो. ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात छायाचित्र टिपता आले तर थोड्या डोसमध्ये काम होते, आणि विसावा सापडला नाही तर सगळा वेळ किरण चालू ठेवून नंतर त्यातून चांगला क्षण शोधावा लागतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मतभेद असणाऱ्यांना सोपे जाईल. हृदयाच्या स्कॅनचा डोस यंत्राच्या किमतीपेक्षा रुग्ण टेबलावर चढण्याआधीच्या तासाभरात अधिक ठरतो. त्या तासात नाडी उतरवण्याची तसदी कोणी घेतली का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

चौकस_काकू | सोमवार, रात्री १०:२५

हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. माझे वय ५८ आहे, जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते, आणि डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात हाच स्कॅन सांगितला आहे. माझ्या बहिणीने घाबरवून ठेवले आहे की हा एक स्कॅन म्हणजे पाचशे एक्स-रे. आपण लिहिलेले मिलिग्रे-सेंटिमीटर मला कळत नाहीत, पण एवढे सांगा की माझा आकडा १८६ च्या जवळ राहावा यासाठी मी काय करू शकते, आणि आकडा कमी यावा म्हणून हट्ट धरल्यास चित्रच धूसर येऊन माझे नुकसान होईल का?

गॅन्ट्रीमागचा | सोमवार, रात्री ११:०५

काकू, आपल्या बहिणीचे गणित जुन्या पद्धतीच्या स्कॅनपुरते अगदीच निराधार नाही. रेडिएशनचा शरीरावरील एकूण परिणाम मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात, आणि छातीचा एक साधा एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्टचा असतो. माझ्या ओळखीच्या त्या बाईंचा १,०४२ हा आकडा रूढ गुणकाने बदलला तर साडेचौदा मिलिसिव्हर्टच्या आसपास जातो, आणि त्यांच्या पतीचा अडीचच्या थोडा वर. निसर्गातून आपल्याला दर वर्षी जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, त्यामुळे पतीचा स्कॅन म्हणजे साधारण एका वर्षाचे नैसर्गिक रेडिएशन असे धरता येईल.

आता फरक का पडतो ते पाहा. एका पद्धतीत टेबल अतिशय हळू सरकते, किरण अखंड चालू असतात, आणि शरीराचा प्रत्येक भाग लागोपाठच्या अनेक फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा किरणांखाली येतो. ईसीजी सोबत नोंदवलेला असतो, त्यामुळे ठोक्याच्या कोणत्याही क्षणाचे चित्र नंतर तयार करता येते. ही सर्वांत निर्धास्त आणि डोसच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक पद्धत आहे. दुसऱ्या पद्धतीत यंत्र ईसीजीकडे पाहत थांबते, दोन ठोक्यांमधील विसाव्याची वेळ आली की क्षणभर किरण सोडते आणि पुन्हा बंद करते. तिसरी पद्धत किरण सोडणाऱ्या दोन नळ्यांच्या यंत्रावर होते: टेबल झपाट्याने सरकते आणि एकाच ठोक्यात सारे हृदय टिपले जाते. तेथे डोस एक मिलिसिव्हर्टच्या खालीही जाऊ शकतो, पण नाडी साठच्या आसपास आणि नियमित असेल तरच.

नाडी मिनिटाला ६० असेल तर दोन ठोक्यांमध्ये एक हजार मिलिसेकंद असतात. नाडी ९० झाली की ६६७ उरतात. आकुंचनाला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती विसाव्यालाच. म्हणून आपण करण्यासारख्या गोष्टी म्हणजे आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी टाळणे, केंद्रावर धावतपळत न पोहोचता तासभर आधी जाऊन बसणे, आणि नाडी उतरवण्याची गोळी (बीटा ब्लॉकर) देणार आहेत का हे विचारणे. दमा, फार कमी रक्तदाब किंवा हृदयाच्या विद्युतमार्गात अडथळा असेल तर ती गोळी चालत नाही, तेव्हा हे सर्व डॉक्टरांना आधीच सांगा. जिभेखाली नायट्रेटचा फवारा देतात तो रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी असतो, आणि घरातील पुरुष मंडळींपैकी कोणाचा स्कॅन असल्यास सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ते न लाजता सांगायला हवे, कारण ती दोन्ही औषधे एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक कोसळतो.

भौतिकवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

वैद्यकीय भौतिकशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय असल्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो आणि एका गोष्टीला हरकत घेतो.

प्रतिमेतील "धूसरपणा" हा शब्द आपण दोन वेगळ्या दोषांसाठी वापरतो, आणि त्यामुळे गल्लत होते. एक दोष हालचालीचा, ज्यात वाहिनीची कडा दुहेरी दिसते किंवा शेपटी फुटल्यासारखी दिसते. दुसरा दोष म्हणजे कणीदारपणा, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो आणि ज्यात चित्र रवाळ दिसते. डोस वाढवल्याने केवळ दुसरा दोष कमी होतो. हललेल्या चित्रावर दुप्पट डोस ओतला तरी ते हललेलेच राहते, फक्त हललेपण अधिक सुबक दिसते. त्यामुळे नाडीविषयी गॅन्ट्रीमागचा यांचे म्हणणे मला मान्य आहे.

कणीदारपणाचे गणित वर्गमुळाचे आहे. डोस निम्मा केला तर कणीदारपणा दुप्पट होत नाही, सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. उलट, कणीदारपणा निम्म्यावर आणायचा असेल तर डोस चौपट लागतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: बऱ्या चित्राचे देखणे चित्र करण्याचा सौदा फार महागात पडतो. पोटाच्या स्कॅनमध्ये पाच मिलिमीटर जाडीचे काप पाहून भागते, पण कोरोनरीसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपासचे काप लागतात, आणि काप निम्मा पातळ केला की तोच कणीदारपणा राखायला डोस दुप्पट करावा लागतो. हृदयाचा स्कॅन डोसच्या हिशेबात मुळातच महाग का, याचे हेही एक कारण आहे.

त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय नळीचा व्होल्टेज उतरवणे हा आहे. नळीतून निघणारे रेडिएशन ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट घेतले की हिशेबाने सुमारे ३१ टक्के बचत होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रोटेक्शन-२ या चाचणीत स्थूल नसलेल्या ४०० रुग्णांवर हाच प्रयोग झाला, आणि तेथेही बचत ३१ टक्केच निघाली व प्रतिमांचा दर्जा खालावला नाही. याचे रहस्य आयोडीनमध्ये आहे. शिरेतून दिलेल्या डायमधील आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किंचित वर असलेले क्ष-किरण विशेष जोराने शोषते. व्होल्टेज उतरवला की किरणांचा मोठा हिस्सा त्या पातळीजवळ येतो, वाहिन्या अधिक उजळ दिसतात, आणि कणीदारपणा वाढला तरी तो उजळपणात झाकला जातो. वजनदार देहात मात्र असे मऊ किरण पलीकडे पोहोचतच नाहीत, तेथे १२० लाच परत यावे लागते. आपल्याकडे बारीक चणीचे रुग्ण भरपूर असताना सर्वांना सरसकट १२० लावून ठेवणे हा निव्वळ आळस आहे, असे मी म्हणेन.

आता हरकत. डीएलपीला ०.०१४ ने गुणून मिलिसिव्हर्ट काढण्याची जी रीत आहे, तो गुणक छातीच्या संपूर्ण स्कॅनसाठी काढलेला आहे. हृदयाचा स्कॅन छातीच्या नेमक्या त्या भागावर होतो जेथे स्तनांची ऊती आणि फुप्फुसे आहेत. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने स्तनाच्या ऊतीचा भार ०.०५ वरून ०.१२ वर नेला. पुढे हृदयासाठी स्वतंत्र ०.०२६ हा गुणक सुचवला गेला. तो लावला तर १८६ चे अडीच नव्हे, पावणेपाचच्या वर होतात. म्हणून दोन केंद्रांची तुलना करताना डीएलपीच वापरावा आणि मिलिसिव्हर्ट वाचताना गुणक कोणता हे विचारावे.

काळे_पांढरे_करडे | मंगळवार, दुपारी १:५०

मी हे स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे, आणि चर्चा एका बाजूला झुकत असल्याचे पाहून लिहितो आहे. कमी डोसचा अभिमान बाळगणारी केंद्रे मी पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका चाळिशीच्या गृहस्थांचा स्कॅन दुसऱ्या मतासाठी आला. डीएलपी शंभराच्या आत होता. पण गृहस्थांचे वजन ९८ किलो होते, व्होल्टेज ८० ठेवला होता, आणि डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीच्या मधल्या भागात चुन्याचा एक साका होता, ज्याच्या मागे वाहिनी ३० टक्के बंद आहे की ७० टक्के, हे त्या रवाळ चित्रातून सांगणे अशक्य होते. शेवटी त्यांची कॅथेटरने अँजिओग्राफी झाली. तीत वाहिनी मोकळी निघाली, परंतु गृहस्थांना स्कॅनचा डोस, कॅथ-लॅबचा डोस, दोनदा डाय आणि रुग्णालयातील एक रात्र असा सगळा हिशेब सोसावा लागला. ज्या चित्राने प्रश्नाचे उत्तर दिले नाही त्यासाठी दिलेला डोस, तो कितीही अल्प असो, पूर्णपणे वाया गेलेला असतो.

प्रश्न काय आहे यावर चित्र किती चांगले हवे हे ठरते. पस्तिशीच्या मुलीला कोरोनरी जन्मतः भलत्या जागेवरून निघाली आहे का, एवढेच पाहायचे असेल तर चित्र बरेच रवाळ असले तरी चालते, कारण मुळाची जागा तशीही दिसते. स्टेंटच्या आत पुन्हा साका बसला आहे का हे पाहायचे असेल तर धातूची चमक पसरून आतली पोकळी झाकते, तेथे कंजूषपणा करू नये, आणि बारीक स्टेंट असल्यास हा स्कॅन मुळात मागवावा का याचा विचार करावा. बायपासच्या रुग्णात छातीच्या वरच्या टोकापासून निघणारी ग्राफ्ट पाहायची असते, म्हणून लांबी वाढणारच. फक्त चुन्याचे मोजमाप हवे असेल तर डाय न देता एक मिलिसिव्हर्टच्या आसपास काम होते.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या व्यवसायात मोकळेपणाने बोलली जात नाही. गुळगुळीत चित्र वाचायला आवडते. गणनेने कणीदारपणा पुसणाऱ्या प्रणाली आल्या, त्यांनी डोस खरोखरच उतरवला, पण जोर जास्त लावला की चित्र मेणाच्या पुतळ्यासारखे दिसते आणि वाहिनीच्या भिंतीवरचा मऊ, चुना नसलेला साका आजूबाजूला मिसळून जातो. रवाळ पण प्रामाणिक चित्र वाचण्याची सवय वाचणाऱ्यानेही लावून घ्यायला हवी. तंत्रज्ञाने डोस कमी केला की "आज फिल्म बरी नाही" म्हणून वरून फोन करणारे आम्हीच असतो, आणि मग तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून सर्वांना वाढवून देतो.

गॅन्ट्रीमागचा | मंगळवार, दुपारी २:२०

डॉक्टर, तो शेवटचा परिच्छेद छापून कंट्रोल रूमच्या दारावर लावतो.

खडकवाट | मंगळवार, रात्री ८:३०

एवढा काथ्याकूट कशासाठी, असा प्रश्न पडतो. केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापेक्षा अनेक पटींनी अधिक रेडिएशनमध्ये राहतात आणि तेथे कर्करोग वाढलेला आढळला नाही, असे वाचले आहे. मग पाच मिलिसिव्हर्ट की पंधरा, याने काय बिघडते?

भौतिकवाला | मंगळवार, रात्री ९:४५

आपण वाचले ते खरे आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तेथील नैसर्गिक रेडिएशनमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. पण तेथील डोस वर्षभर थेंबाथेंबाने मिळतो, आणि स्कॅनचा काही सेकंदांत. पेशींना दुरुस्तीसाठी मिळणारा अवधी वेगळा आहे, म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण २००७ चे आहे. अमेरिकेत ६४ स्लाइसच्या, म्हणजे एका फेऱ्यात ६४ काप घेणाऱ्या, यंत्रांवरील हृदयाच्या स्कॅनचा आयुष्यभरातील कर्करोगाचा धोका संगणकाने काढला गेला. वीस वर्षांच्या स्त्रीसाठी तो १४३ मध्ये एक आणि ऐंशी वर्षांच्या पुरुषासाठी ३,२६१ मध्ये एक असा निघाला. यात रुग्णांचा पाठपुरावा केलेला नव्हता, डोसचे अनुकरण आणि जोखमीचे गृहीत सूत्र यांवरून आलेले ते अंदाज होते, आणि डोसही त्या काळचे, म्हणजे अखंड किरणांच्या पद्धतीचे होते. तरीही त्यातील दोन आकड्यांचे परस्परांशी असलेले नाते उपयोगी आहे: तोच स्कॅन वयाने लहान स्त्रीला वृद्ध पुरुषापेक्षा वीस पटींहून अधिक जड पडतो. म्हणून ७५ वर्षांच्या आजोबांना अनियमित नाडीत भरपूर डोस देऊन निश्चित उत्तर मिळवणे मला खटकत नाही, आणि तिशीतील तरुणीला तोच प्रोटोकॉल लावलेला खटकतो. चौकस काकू या दोहोंच्या मध्ये येतात, आणि त्यांना लक्षणे आहेत, त्यामुळे त्यांनी स्कॅन टाळण्याचे कारण मला दिसत नाही.

एडिनबरोहून | बुधवार, पहाटे २:१०

मी मूळचा सांगलीचा, स्कॉटलंडमध्ये रेडिओग्राफर आहे. येथे हा स्कॅन इतका रूढ का झाला, हे सांगितले तर काकूंचा धीर वाढेल. स्कॉट-हार्ट या चाचणीत छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत हा स्कॅनही दिला गेला. पाच वर्षांनंतर हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण स्कॅन झालेल्या गटात २.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.९ टक्के आढळले. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, २०१६ मध्ये, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने अशा तक्रारीसाठी पहिली तपासणी म्हणून याच स्कॅनची शिफारस केली होती. डोसविषयीची चर्चा या पार्श्वभूमीवर व्हावी, कारण स्कॅन न केल्याचीही किंमत असते.

जगभरात काय घडले त्याचेही चांगले मोजमाप उपलब्ध आहे. २००७ मधील पहिल्या प्रोटेक्शन पाहणीत डीएलपीचा मध्यांक ८८५ होता. दहा वर्षांनी ३२ देशांतील ६१ केंद्रांमधून ४,५०२ रुग्णांची पाहणी झाली तेव्हा तो १९५ वर आला होता, म्हणजे ७८ टक्क्यांची घट. आणि स्पष्ट चित्र न मिळालेल्या स्कॅनचे प्रमाण त्यामुळे वाढलेले नव्हते. मात्र त्याच पाहणीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डोस देणाऱ्या केंद्रांमध्ये ३७ पट अंतर होते. आपल्या ओळखीच्या जोडप्यातील साडेपाच पट त्यापुढे किरकोळच म्हणायचे.

मी काम करतो तेथे रुग्णाला स्कॅनच्या आधी एका शांत खोलीत बसवतात. परिचारिका नाडी पाहते, गोळी देते, पुन्हा पाहते. श्वास रोखण्याचा सराव दोनदा करून घेतात आणि त्या वेळी ईसीजीवर नाडी कशी बदलते ते लिहून ठेवतात. डाय शिरेत गेल्यावर अंगभर ऊब पसरते हे आधी सांगितले नाही तर रुग्ण दचकतो आणि नेमक्या त्या क्षणी नाडी पंधरा-वीसने उडी मारते. या सगळ्याला यंत्र लागत नाही, माणूस आणि वेळ लागतो.

नवे_यंत्र | बुधवार, सकाळी ११:००

फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचा एकेक कण, मोजणारी नवी सीटी यंत्रे आली आहेत, त्यामुळे हा सगळा वाद कालबाह्य होणार नाही का? आमच्या शहरातील जाहिरातींत तर "जितके स्लाइस जास्त तितके रेडिएशन कमी" असेच लिहिलेले असते.

गॅन्ट्रीमागचा | बुधवार, दुपारी ३:३०

जाहिरातीतील स्लाइसच्या आकड्यावर फार विसंबू नका. काही यंत्रांत ६४ ओळींचेच डिटेक्टर (शरीरातून आलेले किरण टिपणारे भाग) असतात आणि किरणांचा उगमबिंदू किंचित हलवून प्रत्येक ओळीतून दोन काप मिळवतात, म्हणून ते १२८ म्हणवतात. हृदयासाठी विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत: गॅन्ट्रीचा (रुग्णाभोवती फिरणाऱ्या कड्याचा) एक फेरा किती वेळात होतो आणि एका फेऱ्यात किती सेंटिमीटर झाकले जातात. एका नळीच्या यंत्राला चित्रासाठी सुमारे अर्धा फेरा लागतो, दोन नळ्यांच्या यंत्राला पाव फेरा. पाव सेकंदात फिरणारे दोन नळ्यांचे यंत्र ६६ मिलिसेकंदांत चित्र टिपते, तर ०.३५ सेकंदाच्या एका नळीच्या यंत्राला १७५ लागतात. सोळा सेंटिमीटर रुंद डिटेक्टर असेल तर टेबल न हलवता सारे हृदय एका ठोक्यात येते.

फोटॉन मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते प्रत्येक फोटॉन वेगळा मोजते, इलेक्ट्रॉनिक गोंगाट गाळून टाकते आणि ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखवू शकते, त्यामुळे स्टेंट आणि चुना यांबाबत डॉक्टरांनी वर मांडलेली अडचण बरीच हलकी होईल. पण त्या सर्वांत बारीक तपशिलासाठी तेथेही डोस वाढवावा लागतो. भौतिकवाला यांचे वर्गमूळ तेथेही पाठ सोडत नाही.

गॅन्ट्रीमागचा | गुरुवार, रात्री ९:१५

आज त्या जोडप्याच्या दोन्ही सीडी पुन्हा उघडून नीट पाहिल्या, आणि माझ्या पहिल्या मताला मुरड घालावी लागते आहे.

वडिलांची नाडी ५७ होती, १०० किलोव्होल्ट, १३.५ सेंटिमीटर, विसाव्यापुरतेच किरण. त्यात सांगण्यासारखे काही नाही. आईंची नाडी ८४ होती आणि ईसीजीवर मधूनमधून जादा ठोके होते. गोळी का दिली नाही, असे मी मुलाला जरा तोऱ्यातच विचारले. तो म्हणाला, आईला लहानपणापासून दमा आहे. म्हणजे तेथील लोकांनी गोळी टाळली हे बरोबरच केले, आणि अशा अनियमित नाडीत किरण अखंड ठेवण्याची पद्धत निवडली हेही समजण्यासारखे आहे. विसाव्याच्या क्षणावर भरवसा ठेवला असता आणि त्याच वेळी जादा ठोका आला असता तर पुन्हा डाय देऊन स्कॅन करावा लागला असता. बीटा ब्लॉकर चालत नसेल तेथे आयवाब्रॅडीन हा पर्याय काही ठिकाणी वापरतात, पण तो तातडीने काम करत नाही, आधीपासून नियोजन लागते.

तरीही १,०४२ पर्यंत जायला नको होते, आणि याची तीन कारणे त्याच पानावर सापडली. बाईंचे वजन ५४ किलो असताना व्होल्टेज १२० होता. स्कॅनची लांबी १८ सेंटिमीटर होती. चुना मोजण्यासाठी आधी जो साधा स्कॅन झाला होता त्यात हृदयाची वरची आणि खालची कडा स्वच्छ दिसत होती, तिच्यावरून लांबी सहज आखता आली असती. आणि तिसरे म्हणजे, ठोक्याच्या निरुपयोगी टप्प्यांत नळीचा प्रवाह आपोआप उतरवण्याची जी सोय प्रत्येक हृदय-प्रोटोकॉलमध्ये असते ती बंद होती. व्होल्टेजमुळे सुमारे ३० टक्के आणि लांबीमुळे सुमारे २० टक्के, एवढाच हिशेब केला तरी आकडा सहाशेच्या आत येतो. प्रवाहाची सोय चालू असती तर आणखी खाली. १८६ पर्यंत तो कधीच आला नसता, आणि तसा आग्रहही चूक ठरला असता.

मुलाने विचारले की यावर सरकारी मर्यादा नाही का. आमच्यासारख्या कामगारांना आहे: अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही. माझ्या खिशावरचा बिल्ला त्यासाठीच दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. रुग्णाला अशी मर्यादा नसते, कारण कोणाला निदानासाठी किती लागेल हे आधी ठरवता येत नाही. असतो तो संदर्भस्तर: अनेक केंद्रांचे आकडे गोळा करून त्यांतील तीन-चतुर्थांश केंद्रे ज्याच्या खाली आहेत तो आकडा. आपण सतत त्याच्या वर असू तर प्रोटोकॉल उघडून पाहायचा. पण त्यासाठी आकडे कोणीतरी लिहून ठेवायला हवेत. आमच्या रजिस्टरमध्ये डीएलपीचा रकाना आहे आणि नाडीचा नाही. सोमवारपासून पेनाने रेघ ओढून तो काढतो.

काळे_पांढरे_करडे | गुरुवार, रात्री १०:००

रकाना काढताच आहात तर आणखी एक काढा: चित्रावरून उत्तर मिळाले की नाही. तो आम्ही भरू. तो नसेल तर वर्षअखेरीस डोस उतरलेला दिसेल, पण तो कशाच्या बदल्यात उतरला ते कळणार नाही.

चौकस_काकू | पुढील बुधवार, सायंकाळी ६:४०

स्कॅन आज सकाळी झाला. तासभर आधी जाऊन बसले, चहा कालपासून घेतलेला नव्हता, त्यामुळे डोके दुखत होते. नाडी आधी ७८ होती, गोळीनंतर ६१ झाली. डाय देताना ऊब पसरेल हे येथे वाचले होते म्हणून दचकले नाही. तेथील मुलाने डीएलपी १७३ असल्याचे स्क्रीनवर पाहून सांगितले. डाव्या बाजूच्या वाहिनीत थोडा साका आहे, अडथळा ४० टक्क्यांच्या आत, आणि उजव्या कोरोनरीचा मधला भाग स्वच्छ दिसला असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. पाकिटावर मी तारीख, नाडी आणि १७३ हा आकडा लिहून ठेवला आहे.

भौतिकवाला | पुढील बुधवार, सायंकाळी ७:०५

काकू, उत्तम. त्याखाली वजन आणि किलोव्होल्ट एवढे दोनच आकडे आणखी लिहा.